जुलैत न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पहिल्यांदाच कॅम्परव्हॅन: दहा ते चारचं गणित

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई असे चौघं मेलबर्नहून जुलै २०२६ मध्ये क्राइस्टचर्चला येणार. तिथे कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन नऊ रात्रींत टेकापो, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड, फॉक्स ग्लेशियर, ग्रेमाउथ, आर्थर्स पास आणि कायकोरा असा पूर्ण फेरा करणार. कॅम्परव्हॅन याआधी चालवलेली नाही, बर्फात कुठलीच गाडी चालवलेली नाही. फोर-बाय-फोर घ्यावी का, बर्फात चाकांना लावायच्या चेन लागतील का, सासूबाईंना थंडी सोसेल का आणि जागेचे पैसे वाचवायला फुकटच्या ठिकाणी राहता येईल का, हे तुम्ही विचारलं आहे.

मी गेली नऊ वर्षं क्राइस्टचर्चमध्ये हेच काम करते. भाड्याची कॅम्परव्हॅन लोकांच्या ताब्यात द्यायची, तासभर सगळं समजावून सांगायचं आणि आठ-दहा दिवसांनी ती परत घ्यायची. परत आलेल्या गाडीकडे आणि माणसांच्या चेहऱ्यांकडे बघून सहल कशी झाली ते कळतं. इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, आणि हिवाळ्यात ज्यांची सहल फसते, त्यांच्यातले फार थोडे बर्फात अडकलेले असतात. बहुतेकांचं गणित चुकतं ते दिवसाच्या लांबीचं. म्हणून तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी तुम्ही न विचारलेल्या पाचव्या प्रश्नापासून सुरुवात करते: दिवसाला गाडी किती चालवायची?

जुलैच्या सुरुवातीला क्वीन्सटाउनला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि पाच-सव्वापाचला मावळतो. क्राइस्टचर्चलाही फार फरक नाही. पण उजाडलं म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही. रात्रभर गोठलेली ओल डोंगराच्या सावलीत साडेनऊ-दहापर्यंत तशीच असते. संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेला की घटका-दोन घटकांत ती पुन्हा गोठायला लागते. शिवाय नवख्या माणसाने अंधारात कॅम्पमध्ये शिरून सात मीटरची गाडी मागे घेत जागेवर लावायची, वायर जोडायची, सांडपाणी सोडायचं, पाणी भरायचं, आणि तेही बोटं बधिर करणाऱ्या थंडीत! त्यात नवरा-बायकोची भांडणं होतात, आणि गाडीच्या मागच्या बंपरला पोचे पडतात.

म्हणून माझा नियम आहे दहा ते चार. सकाळी दहाच्या आधी चाक हलवायचं नाही आणि दुपारी चारला गाडी जागेवर उभी पाहिजे. हे सहा तास झाले. त्यातून जेवण, दोन-तीन ठिकाणी फोटोसाठी थांबणं, डिझेल आणि बाथरूम यांचा वेळ काढला की चालवायला साडेतीन तास उरतात. हिवाळ्यात, वळणावळणाच्या रस्त्यावर, जड गाडीत सरासरी ताशी साठच्या आसपास पडते. नकाशावर शंभरची मर्यादा दिसते, पण साडेतीन टनांहून जड गाड्यांना ती मुळातच नव्वद आहे, आणि मोठ्या कॅम्परव्हॅन बऱ्याचदा त्या वजनात मोडतात. म्हणजे दिवसाला दोनशे किलोमीटर. फोनवरच्या नकाशाने सांगितलेल्या वेळेत निदान एक तृतीयांश भर घालावी लागते.

आता तुमचा फेरा मोजू. क्राइस्टचर्च ते टेकापो २२६ किलोमीटर, तिथून क्वीन्सटाउन अडीचशेच्या वर, मग ‘ते आनाउ’ हे गाव, तिथून मिलफर्डला जाऊन-येऊन २४०, परत फिरून वानाकावरून फॉक्स, मग ग्रेमाउथ, आर्थर्स पास आणि शेवटी कायकोरा. बेरीज २,२०० किलोमीटरच्या आसपास जाते. माझ्या हिशेबाने हे अकरा दिवसांचं नुसतं ड्रायव्हिंग झालं, आणि तुमच्याकडे रात्री नऊ आहेत. वाटेत एखादा दिवस रस्ता बंद झाला तर काय, याला त्यात जागाच नाही. भरीला डिझेलच्या गाडीला इथे किलोमीटरप्रमाणे रस्ता-कर लागतो आणि भाड्याच्या गाडीत तो शेवटी तुमच्याकडूनच वसूल होतो, त्यामुळे जास्तीचं अंतर दोनदा महाग पडतं.

मी तुमच्या जागी असते तर पश्चिम किनारा, मिलफर्ड आणि कायकोरा या खेपेला सोडून दिले असते. पहिली रात्र जेराल्डीनला. क्राइस्टचर्चपासून हे जेमतेम १३५ किलोमीटर, सखल भागात, आणि काही विसरलं-बिघडलं तर परत फिरता येण्याजोगं. दोन रात्री टेकापोला. एक रात्र ट्वायझलला, म्हणजे आओराकी माउंट कुकला दिवसाउजेडी जाऊन येता येईल. मग लिंडिस पास ओलांडून एक रात्र वानाका, दोन रात्री क्वीन्सटाउन, परतीला एक रात्र ओमारामा आणि शेवटची ओमारूला, समुद्रकाठी. हा फेरा बाराशे किलोमीटरच्या आसपास बसतो. ओमारू ते क्राइस्टचर्च जवळजवळ अडीचशे आहे, म्हणजे माझा नियम मोडतो. पण तो रस्ता किनाऱ्याकिनाऱ्याने सपाट आहे, तिथे गोठण कमी असते. फक्त त्याच दिवसाचं परतीचं विमान घेऊ नका.

मिलफर्ड सोडा म्हटल्यावर वाईट वाटेल हे मला माहीत आहे. पण ‘ते आनाउ’पासून मिलफर्डपर्यंतचा रस्ता हिमस्खलनाच्या पट्ट्यातून जातो, होमर बोगद्याच्या आसपास कधीही बंद होऊ शकतो, आणि मे ते नोव्हेंबर या काळात चेन जवळ बाळगल्याशिवाय पुढे जायचं नाही अशी पाटी तिथे लागते. ती पाटी म्हणजे सूचना नव्हे, न पाळल्यास दंड होतो. अनुभवी माणसाने, एका मोकळ्या दिवशी, छोट्या गाडीने जाण्याचा तो रस्ता आहे. अगदीच जायचं असेल तर ते आनाउला गाडी ठेवून बसने जा. बसचा ड्रायव्हर तो रस्ता रोज चालवतो आणि तुम्हाला खिडकीतून बघता तरी येतं.

फोर-बाय-फोरचं उत्तर सरळ आहे: नको. चारही चाकांना जोर मिळाला तर गाडी बर्फातून निघते, पण थांबायच्या वेळी त्याचा काही उपयोग नसतो, आणि अपघात थांबता न आल्याने होतात. त्यापेक्षा टायरची नक्षी किती खोल उरली आहे ते गाडी घेताना बघा आणि हवेचा दाब तपासून मागा.

चेन मात्र घ्या. पण नुसत्या डिकीत टाकून नेऊ नका. माझ्यासमोर, अंगणातच, दिवसाउजेडी एकदा चढवून-उतरवून बघा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि दहातले आठ जण म्हणतात की व्हिडिओ बघू. चेन जोर मिळणाऱ्या चाकांना लागतात. काही व्हॅनमध्ये ती पुढची चाकं असतात, काहींमध्ये मागची. गाडी घेताना हे विचारून तिथेच फोनमध्ये लिहून ठेवा, कारण चुकीच्या चाकांना चेन लावणं हे न लावण्यापेक्षा वाईट. सपाट जागी, रस्त्याच्या कडेला नीट उभं राहून लावायच्या, थोडं पुढे जाऊन पुन्हा आवळायच्या आणि ताशी चाळीसच्या वर जायचं नाही. डांबर दिसलं की काढायच्या. आणि चेन लावायची वेळ आली तर पहिल्या सहलीत माझा सल्ला त्या दिवशी न जाण्याचाच राहील. एक दिवस कॅम्पमध्ये काढून दुसऱ्या दिवशी निघालं तर काही बिघडत नाही. फेरा छोटा ठेवायचं हेही एक कारण.

बर्फ पडताना दिसतो, त्यामुळे माणूस सावध होतो. खरी भीती ब्लॅक आइसची. डांबरावर पाण्याचा पातळ थर गोठतो, तो काचेसारखा पारदर्शक असतो आणि रस्ता फक्त ओला वाटतो. पुलांवर तो आधी जमतो, कारण पुलाला खालूनही गार हवा लागते. डोंगराच्या दक्षिण उताराला लागून जाणारी वळणं ही दुसरी जागा. इथे एक गोष्ट डोक्यात उलटी करून घ्या: दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे सावली दक्षिणेला पडते. रस्ता एकदम चमकदार दिसायला लागला, टायरचा आवाज थांबला, किंवा स्टिअरिंग हलकं वाटलं की ब्रेक दाबायचा नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच उचलायचा आणि गाडीला सरळ जाऊ द्यायचं. थंडीच्या रात्री महामार्गावर बर्फ धरू नये म्हणून सीएमए नावाचा क्षार फवारतात. त्याच्या पाट्या दिसल्या की तिथेही वेग कमी करा, कारण नुकत्याच फवारलेल्या रस्त्यावर टायरची पकड थोडी कमी होते. काही ठिकाणी बारीक खडी टाकलेली असते. समोरून ट्रक आला की ती काचेवर उडते, अंतर ठेवा.

वानाकाहून क्वीन्सटाउनला जाताना फोन तुम्हाला क्राउन रेंजवरून पाठवेल, कारण तो रस्ता जवळचा आहे. तो हजार मीटरहून उंच जातो आणि क्वीन्सटाउनच्या बाजूला नागमोडी वळणांनी खाली येतो. तुम्ही क्रॉमवेलवरून, कावाराउच्या घळीतून जा. पन्नासेक किलोमीटर जास्त पडतील. स्की करायला डोंगरावर जायचं असेल तरी गाडी खाली गावात ठेवून शटल घ्या. स्की फील्डचे कच्चे रस्ते बऱ्याच भाडेकरारांत वर्ज्य असतात आणि तिथे काही झालं तर विमा हात वर करतो. करारातली वर्ज्य रस्त्यांची यादी, छताचं नुकसान आणि गाडीच्या खालच्या भागाचं नुकसान, हे तीन मुद्दे सही करण्याआधी वाचाच.

आता सासूबाई आणि थंडी. टेकापो साधारण सातशे मीटरवर आहे आणि जुलैत तिथे रात्री शून्याखाली जाणं हे रोजचंच. उणे आठ-दहाच्या रात्रीही येतात. तरी गाडीत थंडी वाजायलाच हवी असं नाही. वाजली तर त्यामागे बहुतेकदा वीज असते, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण माझी स्वतःची पहिली हिवाळी सहल इथेच फसली होती.

आम्ही तेव्हा मैत्रिणीची व्हॅन घेऊन ओमारामाजवळ एका तळ्याकाठी राहिलो होतो. मुलगी पाच वर्षांची. आकाश स्वच्छ, डिझेल हीटर सुरू, सगळं छान. पहाटे चारला जाग आली ती शांततेने. हीटरचा पंखा बंद पडला होता. बॅटरी उतरली होती. बाहेर उणे सात होतं, आणि तासाभरात आतल्या भांड्यातल्या पाण्यावर पापुद्रा धरला. गॅस चालू होता म्हणून पाणी तापवून गरम पाण्याच्या पिशव्या भरल्या, मुलीला दोघांच्या मध्ये घेतलं, दोन्ही दुलया एकत्र केल्या आणि उजाडायची वाट बघितली. ते चार तास मी विसरलेले नाही. आज गाडी देताना मी विजेबद्दल इतकं का बोलते, ते या रात्रीमुळे.

हिशेब असा आहे. डिझेल हीटर गरम करतो डिझेल जाळून, ताशी पाव लिटरच्या आसपास, पण त्याचा पंखा आणि पंप गाडीतल्या घरगुती वापराच्या वेगळ्या बॅटरीवर चालतात. त्याला सरासरी दीड-दोन अँपिअर लागतात. संध्याकाळी पाच ते सकाळी आठ म्हणजे पंधरा तास. झाले पंचवीस-तीस अँपिअर-तास. फ्रिज पंधरा-वीस खातो. दिवे, पाण्याचा पंप, चार फोन मिळून दहा. पन्नासच्या वर गेलोच. आणि शंभर अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतून निम्मेच वापरायचे असतात, थंडीत तर तिची ताकद आणखी कमी होते. म्हणजे पहाट उजाडायच्या आत खेळ संपतो. छतावरच्या सोलर पॅनेलवर भरवसा ठेवू नका. जून-जुलैत टेकापोला भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून तेवीस अंशांच्या आसपासच चढतो, आणि छतावर आडव्या टाकलेल्या पॅनेलला त्यातून फारसं काही मिळत नाही. ओमारामाच्या त्या रात्री तर आम्ही संध्याकाळभर लॅपटॉपही लावून ठेवला होता.

म्हणून फुकटच्या जागांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच येतं. पहिल्या हिवाळी सहलीत सगळ्या रात्री हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे पैसे देऊन राहायच्या कॅम्पमध्ये, वीज मिळणाऱ्या जागेवर काढा. वायर जोडली की बॅटरी भरत राहते, विजेवर चालणारा हीटर लावता येतो, आणि डिझेल हीटरवर सगळा भार राहत नाही. कायद्याच्या बाजूने बघाल तर २०२३ मध्ये नियम बदलले. फुकटच्या बहुतेक जागी राहायला गाडीत पक्का बसवलेला संडास आणि हिरव्या रंगाचं प्रमाणपत्र लागतं, आणि तरीही कुठे राहता येईल ते त्या त्या भागाची कौन्सिल ठरवते; चुकीच्या जागी थांबलात तर दंड. भाड्याच्या मोठ्या गाड्यांना ते प्रमाणपत्र असतं, त्यामुळे तुम्हाला परवानगी मिळेल. पण हॉलिडे पार्कात पैसे देऊन तुम्हाला गरम पाण्याची आंघोळ, ऊबदार सामायिक स्वयंपाकघर आणि कपडे वाळवायची मशीन मिळते, आणि सासूबाईंसाठी हे तिन्ही महत्त्वाचं आहे.

डिझेल हीटरची आणखी एक खोड: टाकीत डिझेल पाव टाकीखाली गेलं की तो बंद पडतो. त्याची नळी मुद्दाम उंच बसवलेली असते, गाडी चालवण्यापुरतं डिझेल उरावं म्हणून. रात्री तीनला लोक मला फोन करतात की हीटर बिघडला, आणि मी आधी काट्याकडे बघायला सांगते. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. आणि डिझेल त्या थंड गावातच भरा. दक्षिणेकडच्या पंपांवर हिवाळ्यात थंडीत न गोठणारं डिझेल येतं. उबदार भागातल्या डिझेलमध्ये मेण धरतं, फिल्टर चोंदतो आणि सकाळी इंजिन सुरू होत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत करायची नाही. गॅसची शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही. बंद जागेत ज्योत जळत राहिली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. गाडी घेताना त्याचा अलार्म कुठे आहे ते विचारा आणि बटण दाबून वाजवून बघा. जमिनीलगत आणि छताला जे हवेचे झरोके असतात ते थंडी येते म्हणून टॉवेल कोंबून बंद करू नका. परत आलेल्या गाड्यांत मला असे कोंबलेले टॉवेल सापडतात आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

छोट्या गाड्यांत डब्याच्या गॅसवर चालणारी शेगडी असते. त्या डब्यात ब्युटेन असेल तर शून्याच्या आसपास त्याचा वायूच होत नाही आणि सकाळचा चहा अडतो. डबा रात्री आत, पण हीटरपासून लांब ठेवा. मोठ्या गाडीतल्या सिलिंडरमध्ये प्रोपेनही असतो, तो कडाक्याच्या थंडीतही चालतो.

आपल्या लोकांना मी एक वेगळी सूचना देते: गाडीत कुकर लावू नका. चार माणसांच्या श्वासातूनच रात्रभरात लिटरभर पाणी हवेत जातं. त्यात कुकरच्या चार शिट्ट्या आणि उघड्या पातेल्यातला रस्सा मिळवा. ती सगळी वाफ थंड काचांवर, पत्र्यावर आणि गादीच्या खालच्या बाजूला पाणी होऊन बसते. तिसऱ्या दिवसापर्यंत पांघरुणं दमट होतात, आणि दमट पांघरुणात हीटर कितीही लावा, हुडहुडी जात नाही. खिचडी, वरण-भात काय करायचं ते पार्कच्या स्वयंपाकघरात करून डब्यात भरून आणा. गाडीत फक्त चहा आणि गरम करणं. झोपताना छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा. उलटं वाटेल, पण कोरडी थंड हवा लवकर तापते आणि ओल बाहेर जाते. सकाळी उठल्या उठल्या काचा पुसा, आणि ते फडकं बाहेर पिळा. ड्रायव्हरची केबिन हा गाडीतला सगळ्यात थंड भाग. तिच्या काचांना आतून चंदेरी पडदे लावून मधला पडदा ओढून घ्या.

मसाले, भाजणी, लाडू आणणार असाल तर विमानतळावर सगळं जाहीर करा. जाहीर न केलेल्या पदार्थाला तिथल्या तिथे ४०० डॉलर दंड होतो. जाहीर केलेलं काही काढून घेतलं तरी दंड नाही. मध मात्र अजिबात आणू नका.

चौघं आहात म्हणून चार जणांची गाडी बघत असाल. सहा जणांची घ्या. चारच्या गाडीत जेवायचं टेबल रोज रात्री मोडून पलंग करावा लागतो, आणि पंधरा तासांच्या रात्रीत बसायला जागाच उरत नाही. सहाच्या गाडीत सासूबाईंना खालचा, संडासाजवळचा पलंग कायमचा देता येतो. रात्री शिडी उतरायला लागणं हा वयस्कर माणसाला थंडीपेक्षा मोठा धोका. हे खरं की मोठी गाडी वाऱ्यात जास्त हलते आणि तापायला वेळ लागतो. तुमच्यापैकी कुणालाच मोठी गाडी चालवायची सवय नसेल आणि मनात धाकधूक असेल, तर मग तिसरा मार्ग: छोटी कार आणि रोज मोटेलमध्ये मुक्काम. सासूबाईंना दमा, संधिवात किंवा रात्री दोन-तीनदा उठायची सवय असेल तर मी स्वतः हाच मार्ग निवडीन. हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझं उत्तर त्यावर बरंच अवलंबून आहे. मुलाला इथल्या कायद्याने सीटबेल्ट चालेल, पण त्याची उंची १४८ सेंटिमीटरच्या खाली असेल तर बूस्टर मागून घ्या.

पाण्याचं थोडक्यात. पार्कमधले नळ सकाळी गोठलेले असतात, म्हणून टाकी दुपारीच भरा आणि नळी काढून आत ठेवा. सांडपाण्याची टाकी गाडीच्या पोटाखाली उघड्यावर असते. मुक्कामाला पोचल्यावर आधी ती डम्प स्टेशनवर रिकामी करा, नाहीतर सकाळी बर्फाचा ठोकळा मिळेल. रात्री हँडब्रेक लावून ठेवू नका, तो गोठून चिकटतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर ठेवून चाकाला ठोकळा लावा. वायपर उभे करून ठेवा. काचेवरचं बर्फ खरवडून काढा, उकळतं पाणी ओतलंत तर काच तडकते. आणि डोंगरात कुठेही थांबलात तर केआ पक्ष्यांकडे लक्ष ठेवा. हे हिरवे डोंगरी पोपट खिडक्यांचं रबर सोलून काढतात. मी दर हिवाळ्यात ते रबर बदलून घेते.

रोजचा क्रम असा ठेवा. उठल्यावर आधी रस्ते वाहतूक खात्याचा नकाशा आणि मेटसर्व्हिसचा हवामानाचा अंदाज बघायचा, मग निघायचं की नाही ते ठरवायचं. निघालात तर दहाला. वाटेत अर्ध्या टाकीवर डिझेल. चारच्या आत जागेवर, वायर जोडून, सांडपाणी सोडून, पाणी भरून. मग संध्याकाळ तुमचीच. टेकापोला गरम पाण्याची कुंडं आहेत, ओमारामाला उघड्या आकाशाखाली गरम पाण्याचे टब. सासूबाईंना तिथे नक्की न्या.

शेवटी बुकिंग. १० जुलै २०२६, शुक्रवार, ही इथे मातारिकीची सुट्टी आहे, माओरी नववर्षाची. त्याला जोडून शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्याही, त्यामुळे त्या आठवड्यात टेकापो आणि वानाकाच्या वीज असलेल्या जागा महिनोन्महिने आधी भरतात. तुमच्या तारखा त्यात येत असतील तर आधी जागा धरा आणि मग गाडी. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. टेकापोचा सगळा परिसर २०१२ पासून अंधाऱ्या आकाशासाठी राखीव आहे, गावातले दिवेसुद्धा खाली झुकलेले असतात. सकाळी साडेसहाला ईशान्येला बघितलंत तर तो झुबका दिसेल. सासूबाईंना नक्षत्रं ओळखता येत असतील तर त्यांना उठवा, पण गाडीच्या पायरीवर रात्री बर्फ धरतं, ती आधी खरवडून घ्या आणि त्यांचा हात धरा.